उताण्या धोंड्यांचा उतार

बसा मंडळी, पाणी प्या, आणि चढायच्या आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. एक माणूस तुम्हाला सगळं शिकवणारा, सगळ्या गावाचा मानाचा. दुसरा कालपरवा बाहेरून आलेला. चोरी झाली आणि संशय दोघांवरच आला, तर भरवसा कुणाचा धराल? लगेच बोलू नका. पेठेतला एक गुळाचा व्यापारी एकाच शेतकऱ्याची ढेप वर्षानुवर्षं न चाखता घ्यायचा. एकदा सहज तळाचा खडा तोंडात टाकला, तर दाताखाली वाळू. व्यापाऱ्याला वाळूचं काही वाटलं नाही म्हणे. "मी किती वर्षं चाखलं नाही?" एवढंच तो पुटपुटत राहिला.

आता समोर बघा. या उतारावर जागोजागी धोंडे उलटे पडलेत. काळी, शेवाळलेली पाठ खाली आणि मातीचं पांढुरकं पोट वर. हे गुरांनी केलेलं नाही की पाण्यानंही नाही. ही माणसांची खूण आहे. आणि खाली तो सपाट कातळ दिसतो ना, रानातून उतरणारी प्रत्येक बाई तिथे आपली पाटी रिती करते आणि दुसरीच्या ढिगातली भाजी घरी नेते. स्वतः खुडलेलं स्वतः शिजवायचं नाही. असं का, त्याची हकीकत दांडवळ गावात सांगतात ती अशी.

फार मागे या गावात भीमकाई नावाची बाई होती. रान तिला पाठ होतं. नव्या सुना आल्या की सासवा त्यांना तिच्या मागे लावून देत. त्यातलीच एक येसी. ती देशावरची, सपाटीची. लग्न होऊन आली तेव्हा तिला मेथी आणि माठ यापलीकडे पाला ठाऊक नव्हता. बाया हसायच्या, "हिला रानात सोडली तर घाणेरीचं कालवण करील." भीमकाई हसली नाही. तिने येसीला वर्षभर हाताशी धरलं.

शिमग्यानंतर मोहाची फुलं आली. भीमकाईने सांगितलं, पडलेली वेचायची, फांदी हलवायची नाही. वळवाच्या सरीनंतर या उतारावर शेवळं वर आली, जांभळट कोंब जमिनीतून बोट काढल्यासारखे. "वरचा देठ घ्यायचा. खालच्या कंदाला हात लावायचा न्हाय. कंद म्हंजे तिची कूस," भीमकाई म्हणाली. शेवळाबरोबर काकडाची आंबट फळं शिजवायची, नाहीतर घसा खाजून खाजून जीव जातो, हेही तिनेच शिकवलं. आषाढात कुलूची पात जमिनीला चार बोटं ठेवून कापायची. श्रावणात करटोलीचं पहिलं फळ वेलालाच पिकू द्यायचं. दिवाळीनंतर कडू कंद खणला की त्याचा डोळा परत खड्ड्यात पुरायचा. आणि एक गोष्ट भीमकाई आपल्या मनानेच करायची. जिथून काही घेतलं तिथला धोंडा ती उताणा करून ठेवायची. म्हणजे पुन्हा येणाऱ्याला कळावं की इथलं घेऊन झालंय, आता ही जागा यंदा सोडा. बाकीच्या बायांना तो नाद वाटायचा. येसीने तेवढाही उचलला. बाया चिडवायच्या, "गुरूनं शिंकलं तर ही पण शिंकंल."

दुसऱ्या वर्षी वळीव झाला. बाया पाट्या घेऊन उतारावर आल्या आणि जागच्या जागी थांबल्या. एक कोंब नव्हता. कुणीतरी काठीने माती उकरली. खाली पोकळ. नुसता कुजलेला पाला ठासून भरलेला, वर माती सारखी केलेली. दुसरीकडे उकरलं, तेच. वरपासून खालपर्यंत सगळा उतार आतून खाऊन टाकला होता. एका म्हातारीने मटकन बसून हंबरडा फोडला. पेरणीपासून नवं धान्य येईपर्यंतच्या दिवसांत या उतारावर गावाची चूल चालत होती.

येसी मात्र वेगळंच बघत होती. प्रत्येक खड्ड्याच्या तोंडाशी एक धोंडा होता. उताणा. तिचे हातपाय गार पडले. ज्याने हे केलं त्याने चोरी करतानाही धोंडा उताणा ठेवला होता, कारण हाताला दुसरं येतच नव्हतं. तिने मान वळवून भीमकाईकडे पाहिलं. भीमकाई जमिनीकडे बघत होती.

आता धोंडे सगळ्यांनाच दिसले. गावाचा कारभारी लहानू वर आला. धोंडे उताणे ठेवणाऱ्या गावात दोघीच, हे पोरंसोरंही जाणत होती. आणि त्यातली भीमकाई असेल असं म्हणायला जीभ कुणाची रेटणार? येसीची सासूच आधी बोलली, "संक्रांतीला हिचा बाप आलता बैल घेऊन. जाताना गोणी भरून गेला. म्या म्हटलं शिकेकाई असंल."

"शिकेकाईच होती, आत्याबाई. तुमीच भरलीत."

"वरची म्या भरली. खालचं कुनी बघितलं?"

 येसी भीमकाईच्या तोंडाकडे बघत राहिली. आता बोलेल, आता बोलेल. जिने बोट धरून रान दाखवलं ती एवढी गोष्ट सांगायला चुकायची नाही. लहानू कारभाऱ्याने भीमकाईला विचारलं, "काय गं भीमकाई, तुला काय वाटतं?"

भीमकाई म्हणाली, "म्या शिकवलं. पर शिकवलेलं कोन कुठं वापरंल, ते म्या काय सांगू?"

सांगतात की येसी त्या वाक्याने रडली नाही की ओरडली नाही. कुणी थोबाडीत मारल्यावर क्षणभर कानात जसा नुसता आवाज भरतो, तसं तिला झालं. समोर कारभारी तिला दिवस मावळायच्या आत गाव सोडायला सांगत होता. नवरा मान खाली घालून उभा होता. तिला त्यातलं अर्धंच ऐकू आलं.

पण दांडवळची एक रीत होती. कुणालाही उपाशी घालवायचं नाही, घालवून देतानाही नाही. शेवळं नसली तरी कातळाकडे उतरताना बायांनी, येसीनेही, कोरलीचा कोवळा पाला खुडला. कातळावर चुली मांडल्या. तेव्हा येसीला वाचा फुटली.

"जेवते. पर माझ्या पाटीतलं न्हाय. भीमकाईच्या पाटीतलं मला शिजवा, आन माझ्या पाटीतलं त्यांना. जिनं शिकवलं तिच्या हातचं खाऊन जाते. माझ्या हातचं त्यांनी एकदा खावं."

मागणं साधं होतं. जाणाऱ्या पोरीला नाही कोण म्हणणार? दोन चुलींवर दोन मडकी चढली. येसीपुढे भीमकाईच्या पाटीतली भाजी आली. तिने बघितलं नाही, वास घेतला नाही, घास तोंडात घातला आणि खाऊ लागली. रानात एवढा विश्वास कुणी कुणावर टाकत नाही. तिथे एक चुकीचं पान मडक्यात गेलं तर माणूस उठत नाही.

भीमकाईपुढे येसीची भाजी ठेवली. तिने एक देठ उचलला. उजेडात धरला. बाजूला ठेवला. दुसरा उचलला, चुरडला, हुंगला, बाजूला ठेवला. द्रोणातली भाजी संपत आली आणि कातळावर देठांचा ढीग वाढत गेला. भीमकाईच्या तोंडात एक कण गेला नव्हता. 

सासूच पुढे सरकली. "अगं भीमके, काय निवडतीस? तिला तूच शिकवलंस. तुझं शिकवणं तुला ठाऊक न्हाय व्हय?"

"पाला बराबर हाय. पर हिच्या मनात काय असंल..."

"हिच्या मनात तुझ्याविषयी काय असायचंय? हिनं तर तुझं डोळं झाकून खाल्लं."

भीमकाईने द्रोण बाजूला सारला. मग ती जे बोलली ते अजून दांडवळमध्ये मोठ्याने सांगत नाहीत, आवाज खाली आणून सांगतात. ती म्हणाली, "हिच्या जागी म्या असते, तर घातलं असतं काहीतरी."

 लहानू कारभारी खाली बसला. ज्या बायांनी मघाशी येसीला शिव्या दिल्या होत्या त्यांनी तोंडावर पदर घेतले. मग सगळं बाहेर आलं. त्या वर्षी घाटाखालून मीठ चढलं नव्हतं. औषधाचे कंद घेणारा एक परका व्यापारी हिवाळ्यात येऊन गेला होता. पाटीभर कंदाला मूठभर मीठ, आणि सगळ्यावर एक लुगडं. आधी एक पाटी म्हणून भीमकाई गेली. मग दुसरी. "परत्येक डाव वाटायचं, ही शेवटची," ती म्हणाली.

गाव तिच्या अंगावर धावलं. येसी मध्ये उभी राहिली. तिने माफ केलं असं कुणी सांगत नाही. तिने एवढंच विचारलं, "कंद काही ऱ्हायलं का?"

व्यापारी परत यायचा होता, म्हणून शेवटची पाटी भीमकाईच्या घरात राखेत पुरलेली होती. ती आणली. दोघींनी मिळून कंद उतारावर लावले, डोळा वर करून. कुणी मदतीला आलं नाही, कुणी अडवलंही नाही. भीमकाई पुढे गावात राहिली नाही, उताराच्या माथ्यावर खोप घालून तिथेच कंदांना पाणी घालत राहिली. येसी तिला रोज भाकरी पोहोचवायची आणि तिची भाजी घेऊन यायची. दोघी फारसं बोलत नसत म्हणे.

कितीतरी पावसाळे उतार मुका राहिला. मग एका सकाळी येसी भाकरी घेऊन वर गेली तर भीमकाई धोंड्याला टेकून बसल्या जागी गेलेली. आणि उतारावरचे सगळे उताणे धोंडे रातोरात सरळ झालेले, काळी पाठ वर, जसे कधी कुणी हलवलेच नव्हते. प्रत्येकाच्या कडेने जांभळा कोंब बोट काढून उभा. एक धोंडा मात्र उताणाच राहिला, ती टेकली होती तो.

आजही तो माथ्यावर आहे, त्याला कुणी सरळ करत नाही. आजही जिथून देठ घेतला तिथला धोंडा इथल्या बाया उताणा करतात, आणि वळवाच्या आधी सगळं गाव मिळून धोंडे सरळ करायला चढतं. आजही कातळावर पाट्या रित्या होतात आणि ढीग बदलले जातात. दुसऱ्याच्या घरात जायचंय हे ठाऊक असलं की हात आपोआप नीट खुडतो, आणि पुरे झालं की थांबतो.

चला आता, पाट्या घ्या, एकट्याने पुढे जाऊ नका. आणि एक विनंती. खाली आल्यावर काय घेतलंत आणि मागे काय ठेवलंत, तो हिशेब कातळावर मोठ्याने सांगा, आणि खरा सांगा. तुमची भाजी आज आम्ही खाणार आहोत.