काना-मात्रेचे पैसे

आपल्या आजोबांच्याही आजोबांच्या काळी, एका बाजारपेठेत भांड्यांवर नावे कोरणारा एक कारागीर होता. हात सुरेख, पण स्वभाव घाबरट.

भांड्यांच्या दुकानदाराने त्याला दुकानात जागा दिली. म्हणाला, "भांड्याची किंमत माझी. नाव कोरायचे वर किती लावायचे, ते तू ठरव. पण गिऱ्हाईक तुटले, तर जागा सोडायची."

कमी लावावे तर पोट भरणार नाही, जास्त लावावे तर कोणी येणार नाही. शेवटी त्याने ठरवले: अक्षराला एक आणा. काना, मात्रा, वेलांटीचा अर्धा आणा वेगळा.

गोदावरीआजी नवा तांब्या घ्यायला आल्या.

"पूर्ण नावाचे सहा आणे, आजी."

"अरे, तांब्याच दहा आण्यांचा! नुसते 'गो' घाल."

"त्यात काना आहे, मात्रा आहे. दोन आणे."

"मेल्या, मग नुसता 'ग' घाल!"

ही युक्ती गावभर झाली. गिरिजाबाईंचा ग, गुणाबाईंचा ग. गंगूबाईंनीही अनुस्वार वाचवला.

मग गावात एक लग्न निघाले. रीतीप्रमाणे घराघरांतून भांडी गेली. पंगती उठल्या आणि ओसरीवर तेवीस तांबे उरले. सगळ्यांवर ग!

"हा माझा! पोचा बघा, माझ्या जावेने पाडलाय."

"पोच्याचे काय सांगता? आमच्या घरात एक भांडे धड नाही!"

भांडून दमल्यावर सगळ्या कारागिराकडे वळल्या. "तुझ्या अक्षराचा उपयोग काय रे?"

दुसऱ्या दिवसापासून कोणी फिरकेना. आठवड्याने दुकानदार म्हणाला, "उद्या गिऱ्हाईक आले नाही, तर हत्यारांची पेटी उचल."

कारागीर विचारात पडला. बायकांना अक्षरे कुठे हवी होती? आपला तांब्या आपल्या घरी परत यावा, एवढेच हवे होते. त्याने पाटी लावली: 'नाव कितीही लांब असो, भांड्याला तीन आणे. जुन्या ग-पुढचे नाव फुकट.'

सकाळीच एक नवी नवरी आली. "नवऱ्याचे नाव नुसते कसे घालू? उखाण्यात घाला."

तीन आण्यांत अख्खा उखाणा! पण पाटी त्याचीच होती. तांब्याभोवती गोल फिरवत त्याने कोरले: 'परसात फुलली जाई, केशवरावांचा तांब्या कुणी नेऊ नका बाई!'

संध्याकाळपर्यंत दुकानापुढे रांग लागली. प्रत्येकीच्या हातात तांब्या आणि ओठांवर उखाणा. दुकानदार हसत म्हणाला, "पेटी राहू दे. आणखी एक छिन्नी घे."

तात्पर्य: नफा किती लावावा हे ठरवण्याआधी, गिऱ्हाईक नेमके काय घ्यायला आले आहे ते ओळखावे.