त्र्यंबकचा होकार

चिंचवेल गावात एकेकाळी पलटणीचा तळ होता. पलटण गेली, पण तिचं मुरमाचं मैदान आणि हॉकीचं वेड गावात राहिलं. गावाने आपला संघ उभा केला. हा संघ जिल्ह्याच्या पहिल्या गटात आहे तोवर मैदानाला हात लावायचा नाही, असा नगरपालिकेचा ठराव होता.

या संघात वीस वर्षांपूर्वी दाऊद शिकलगार नावाचा खेळाडू होऊन गेला. तो राइट विंगला, म्हणजे उजव्या कडेला पुढच्या फळीत खेळायचा. चेंडू त्याच्या स्टिकला लागला की बसलेली माणसं उभी राहत. तो राज्याच्या संघातून खेळला, मग नोकरीसाठी लांबच्या शहरात गेला आणि तिथलाच झाला.

त्र्यंबक भोरे हा त्याचा जिवाभावाचा मित्र. एका सामन्याहून परतताना त्र्यंबकचा पाय मोडला, तेव्हा दाऊद त्याला पाठीवर घेऊन चार मैल चालला होता. आता त्र्यंबक गावच्या संघाचा प्रशिक्षक होता.

संघाचे दिवस मात्र फिरले होते. चांगली मुलं शहरात निघून जात. चार वर्षं संघ कसाबसा पहिल्या गटात टिकून होता. यंदा शेवटचा नंबर आला तर गट जाणार होता आणि गटाबरोबर मैदानही.

संघाचे अध्यक्ष रावसाहेब कोठावळे यांनी बैठक बोलावली. ते म्हणाले, "दाऊदला परत आणू. त्याचं नाव ऐकूनच समोरचे गळपटतील."

"बेचाळीस वर्षांचा आहे तो," कुणीतरी म्हणालं.

"म्हणून तर आधी त्र्यंबक त्याला पारखेल. त्र्यंबक, तू हो म्हणालास तर घेऊ. नाही म्हणालास तर विषय संपला."

निरोप मिळताच दाऊद आला. पहाटे एसटीतून उतरला तो सरळ मैदानावरच गेला. तिथे त्र्यंबकशिवाय कुणी नव्हतं.

त्र्यंबकने उजवीकडून चेंडू मारले. दाऊदने ते असे अडवले की त्र्यंबकच्या अंगावर काटा आला. तीच कंबर, तेच मनगट. मग त्र्यंबक डावीकडे गेला. पहिला चेंडू दाऊदच्या समोरून निघून गेला. दुसराही गेला. तिसऱ्याला त्याने स्टिक घातली, पण चेंडू पुढे गेल्यावर. त्र्यंबकच्या लक्षात आलं, की दाऊदच्या डाव्या डोळ्याला फार कमी दिसतं. आणि राइट विंगला खेळणाऱ्याकडे तर सगळा खेळ डावीकडूनच येतो.

दाऊद धापा टाकत त्याच्यासमोर येऊन उभा राहिला.

"डोळ्याचं थोडं आहे रे," तो म्हणाला. "माझं मला कळत नाही, किती आहे ते. सरावाने जाईल असं वाटतं. पण मी तुझ्यावर सोडतो. तू नाही म्हणालास तर दहाच्या गाडीने परत जातो. मी आलो होतो हेसुद्धा कुणाला कळणार नाही. खरं सांग, चालेन का मी?"

त्र्यंबकने त्याच्याकडे पाहिलं. दाऊदने नवे बूट घेतले होते. केसांना कलप लावला होता. त्र्यंबकच्या ओठांवर 'नाही' आलं होतं. पण ज्याच्या पाठीवर बसून आपण घरी आलो त्याला हे कसं सांगायचं, असं त्याला वाटलं. शिवाय दाऊद संपला असं म्हणायचं, तर मग आपलं काय उरलं?

"चालशील की," तो म्हणाला. "सरावाने होईल सगळं नीट."

दाऊदने त्याला मिठी मारली.

आता राइट विंगला आधीपासून आनंदा लोखंडे नावाचा खेळाडू होता. वय तेवीस. तेलाच्या गिरणीत काम करायचा आणि सरावाचा एक दिवस चुकवायचा नाही. त्याच्या खेळाने लोक उभे राहत नसत, पण त्याच्याकडे आलेला चेंडू वाया जात नसे. त्याला बाकावर बसवलं. तो त्र्यंबककडे आला.

"सर, माझं कुठं कमी पडलं तेवढं सांगा. मी सुधारतो."

त्र्यंबक म्हणाला, "तुझं काही कमी नाही रे."

"मग?"

त्र्यंबक मैदानावरचे चेंडू गोळा करायला लागला. आनंदा दोन सामने बाकावर बसला. तिसऱ्याच्या आधी त्याने गणवेश धुऊन, इस्त्री करून परत आणून दिला आणि मामाकडे दुसऱ्या गावी कामाला निघून गेला.

पहिल्या सामन्याला गाव लोटलं. ढोल वाजले. दाऊदला खांद्यावर घेऊन मैदानात आणलं. त्या दिवशी संघ हरला, पण दाऊदला पाहिल्याच्या आनंदात कुणाला काही वाटलं नाही. पुढच्या सामन्यांत खेळाडूंना उमगलं. मागून मधल्या फळीतला सेंटर हाफ ओरडायचा, "दादा, डावीकडून येतोय!" ओरडला की दाऊद वळायचा, आणि तोवर समोरचाही सावध व्हायचा. सगळ्यांना दिसत होतं. कुणी बोलत नव्हतं. प्रशिक्षकच बोलत नाही, मग आपण का बोलावं, असं प्रत्येकाला वाटत होतं.

त्र्यंबकला रात्रंदिवस चैन पडेना. दाऊदला बसवावं असं त्याच्या चारदा मनात आलं. पण आता बसवून खेळवायचं कुणाला? आनंदा गेला होता.

शेवटचा सामना उरला. बरोबरी झाली तरी संघ वाचणार होता. खेळ संपायला दोन मिनिटं असताना एकास एक गोल होता. सेंटर हाफने चेंडू पकडला. उजवी बाजू मोकळी होती. एकटा दाऊद पुढे होता, आणि गोलपर्यंत मध्ये कुणी नव्हतं. लोकांच्या आरोळ्यांत सेंटर हाफची हाक बुडाली. त्याने चेंडू मारला.

चेंडू डावीकडून आला आणि दाऊदच्या स्टिकपासून दोन हातांवरून गेला. दाऊद समोर बघत तसाच उभा होता, चेंडूची वाट पाहत.

विरुद्ध संघाने तो उचलला, चार पासांत चिंचवेलच्या बाजूचं टोक गाठलं आणि गोल केला.

कडेने कुणीतरी ओरडलं, "आजोबा, चेंडू गेला की!" एक जण हसला. मग दहा हसले. मग ज्यांनी त्याला खांद्यावर घेतलं होतं तेही हसले. काय झालं ते दाऊदला त्या हसण्यावरून कळलं.

शिट्टी वाजल्यावर तो सरळ त्र्यंबककडे आला.

"त्या दिवशी सकाळी तुला कळलं होतं?"

त्र्यंबकने मान खाली घातली. "हो."

"मग बोलला का नाहीस?"

"तुला वाईट वाटलं असतं रे."

"वाटलं असतं," दाऊद म्हणाला. "पण फक्त तुझ्यासमोर वाटलं असतं."

तो कपडेही न बदलता स्टँडवर गेला आणि मिळेल त्या गाडीत बसला.

संघ दुसऱ्या गटात गेला आणि वर्षभरात मोडला. नगरपालिकेने मैदानाला कुंपण घालून तिथे कचऱ्याच्या गाड्या उभ्या केल्या. त्र्यंबक आनंदाला शोधत त्याच्या मामाच्या गावी गेला. आनंदाने वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "सर, आता हात वळत नाही स्टिककडं." त्र्यंबकने दाऊदला पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही.

दोन वर्षांनी तो स्वतःच दाऊदच्या शहरात गेला. दाऊदने दार उघडलं, हसून आत घेतलं, चहा मागवला. पावसापाण्याचं बोलला, मुलीच्या लग्नाचं बोलला. हॉकीचं नावही काढलं नाही.

शेवटी त्र्यंबक म्हणाला, "दाऊद, माझं चुकलं. मला शिव्या दे, पण काहीतरी बोल."

"छे रे, तुझं काय चुकलं? काही नाही चुकलं."

"डोळा कसा आहे?"

"एकदम बरा," दाऊद म्हणाला, आणि टेबलाची कड चाचपत त्याने कप शोधला.

त्र्यंबक उठला. या घरात आता आपल्याला कुणी कधी खरं सांगणार नाही, हे त्याला कळलं होतं. दाऊदने दारापर्यंत सोडलं आणि "परत ये हं," असंही म्हणाला. त्र्यंबक पुन्हा गेला नाही.

तात्पर्य: विश्वासाने विचारणाऱ्याला मन राखण्यासाठी खोटं सांगू नये, त्याने त्याचं दुःख टळत नाही, ते चारचौघांत त्याच्या वाट्याला येतं, आणि आपण मित्र गमावतो तो कायमचाच.