सारख्या मापाची तोंडं

गजरा रंगारणीने सकाळी कॉम्प्युटर लावला, तर चेहरे लहानमोठे करायची कळच जागेवर नव्हती. तिने वर पाहिलं, खाली पाहिलं, कोपरे धुंडाळले. कळ गेली ती गेलीच. तिच्या जागी एक हसरं फूल बसलं होतं आणि त्याच्याखाली लिहिलं होतं, ‘तुमच्या सोयीसाठी सुधारणा केली आहे.’

राजाच्या राज्यात कॉम्प्युटर कुठून आला, असं विचारू नये. राजाला हौस असली की दारात दूध देणारा हत्तीसुद्धा उभा राहतो.

गजरा गुमानगडच्या राजवाड्यातल्या चित्रशाळेची मुख्य. सणाचे, स्वागताचे, वाढदिवसाचे सगळे फलक तिच्या हातून जात. फलकाची रीत ठरलेली. महाराजांचा चेहरा परातीएवढा, प्रधानांचे ताटलीएवढे, सरदारांचे वाटीएवढे आणि उरलेले शुभेच्छुक सुपारीएवढे. कुणाची सुपारी जराशी फुगली, तर वाटीवाले घरी जाऊन जेवत नसत. आणि आता, उद्यावर महाराजांचा वाढदिवस आलेला असताना, नवा प्रोग्रॅम सगळ्यांची तोंडं एका मापाची करून आपल्याच मर्जीने ओळीत लावत होता.

गजरा तडक यंत्रप्रधान विसाजीपंतांकडे गेली. प्रोग्रॅम त्यांनीच आणला होता.

“पंत, कळ कुठं गेली?”

“काढली. आधुनिक डोळ्याला समतोल आवडतो.”

“कुणाच्या डोळ्याला?”

“तुम्हा वापरणाऱ्यांच्याच.”

“मग मला विचारलं का नाही?”

“वापरणाऱ्याला आपल्याला काय हवं ते कुठं कळतं, गजराबाई? होईल सवय.”

“जोड्यातल्या खड्याचीही होते,” गजरा म्हणाली आणि परत फिरली.

संध्याकाळी तिने, निघाला तसा, फलक महाराज गुमानरावांपुढे धरला. महाराजांनी आधी स्वतःला शोधलं. बराच वेळ शोधलं. शेवटी ते सापडले, पागेचा दारोगा आणि मुदपाकखान्यातला आचारी यांच्या मधोमध, दोघांच्याच मापाचे.

“हा फलक माझा आहे की आचाऱ्याचा?” महाराज गरजले.

“प्रोग्रॅमला विचारावं, महाराज. तो सगळ्यांना एका मापाने मोजतो.”

विसाजीपंत लगेच पुढे सरसावले. “नाचता येईना, अंगण वाकडं! सरकार, माझा मेहुणा हेच काम डोळे मिटून करील.”

“त्यांचे फलक पाहिलेत मी,” गजरा म्हणाली. “डोळे मिटूनच केलेले असतात.”

दरबारात कुणीतरी खोकला काढून हसू गिळलं. महाराजांना मात्र हसू आलं नाही. नव्या प्रोग्रॅमपुढे नारळ त्यांनी स्वतः फोडला होता, आणि फोडलेला नारळ मागे घेणं गुमानरावांच्या घराण्यात बसत नव्हतं.

“ऐक,” ते म्हणाले. “प्रोग्रॅम हाच राहील. एकाही दरबाऱ्याला वगळायचं नाही. माप बदलायचं नाही, ओळ मोडायची नाही. आणि तरीही उद्या दुपारी वेशीवरचा फलक पाहून, परमुलखातल्या माणसालाही एका नजरेत कळलं पाहिजे की राजा कोण. नाही जमलं, तर चित्रशाळा पंतांच्या मेहुण्याची. तू आणि तुझी माणसं हत्तीखान्यात शेण भरायला.”

चित्रशाळेतल्या माणसांचे चेहरे पडले. गजराने पदर खोचला. “एकच मागणं. सगळ्यांचे फोटो उद्या दरबारात नव्याने काढीन.”

“काढू द्या, सरकार,” पंत मिशीत हसले. “फोटो बदलून माप थोडंच बदलणार?”

सकाळी अख्खा दरबार नटून हजर. कुणी गालाला पावडर फासलेली, कुणी डोळ्यांत काजळ घातलेलं. पंतांनी तर मिशांना तूप लावलं होतं. गजरा सिंहासनाशेजारी कॅमेरा घेऊन उभी. चोपदाराने ललकारी दिली, महाराज आले, दरबार रोजच्यासारखा मुजऱ्याला वाकला आणि गजराचा कॅमेरा कटाकट वाजायला लागला. दरबार उभा राहीपर्यंत तिने कॅमेरा पिशवीत टाकलासुद्धा.

“अगं, आमचे फोटो?” पंतांनी मिशी सावरत विचारलं.

“झाले की.”

दुपारी मिरवणूक वेशीपाशी थांबली. फलकावर सगळी चित्रं एका मापाची. ओळी सरळ, समतोल नुसता ओसंडत होता. वरपासून खालपर्यंत पगड्याच पगड्या. लाल पगडी, पिवळी पगडी, तुऱ्याची पगडी, उसवलेली पगडी. आणि त्या सगळ्यांत उघडं तोंड एकच, महाराज गुमानरावांचं!

बाजूला एक परदेशी व्यापारी घोडा धरून उभा होता. महाराजांनी हत्तीवरच्या हौद्यातून त्याला विचारलं, “यातला राजा कोण?”

“थट्टा करता काय, साहेब?” व्यापाऱ्याने बोट ठेवलं. “हे काय, तोंड असलेले.”

पंतांची पगडी रागाने हलायला लागली. “महाराज, हा अपमान आहे! माझं तोंड कुठं आहे यात?”

“मुजऱ्यात होतं, पंत,” गजरा म्हणाली. “का महाराजांसमोर तुमची मान वर असते? तसं असेल तर सांगा, ताठ मानेचा फोटो लावते. सगळ्या गावाला बघू दे.”

पंतांनी महाराजांकडे पाहिलं आणि घाईने आणखी एक मुजरा केला. मागे सरदार कुजबुजायला लागले, “पंत, ती जुनी कळ परत आणा हो. सुपारीएवढं तर सुपारीएवढं, पण तोंड दिसू द्या.” शेवटी पंतच पुटपुटले, “सरकार, समतोल... जरा जास्तच झाला. जुना प्रोग्रॅम अजून ठेवलेला आहे.”

महाराज हसायला लागले ते हौद्याचा कठडा धरून हसले. हत्तीही डुलायला लागला.

“गजरा, जुना प्रोग्रॅम तुला दिला. आणखी माग. यंत्रप्रधानाची खुर्ची हवी?”

“नको, महाराज. खुर्ची पंतांनाच शोभते. फक्त हुकूम काढा, की यापुढे कुठलीही सुधारणा आणायची झाली, तर आधी पंतांनी स्वतः बसून तिच्यावर अख्ख्या दरबाराचा फलक करायचा. कुणाची मदत न घेता, आणि एकही सरदार न रुसता.”

“मंजूर!” महाराजांनी गळ्यातला कंठा काढून हौद्यातून तिच्या हातात सोडला.

तेव्हापासून गुमानगडात एकही सुधारणा आलेली नाही. पंत सांगतात, विचार चालू आहे.