हरेल त्याने गाव सोडावं

चुळबुळ पुरे आता. ऐका. एक होता राजा. त्याला खापऱ्यांच्या खेळाचं भारी वेड. जमिनीवर चौकोनी घरं आखायची. राजाच्या खापऱ्या लाल, समोरच्याच्या काळ्या. आळीपाळीने एकेक मांडायची. दुसऱ्याची खापरी चारी बाजूंनी कोंडली की ती उचलायची आणि ते घर आपलं. ज्याच्या सगळ्या कोंडल्या, तो हरला. ज्याने खेळी टाळली, तोही हरला. आणि राजाने स्वतःच्या डोक्यातून एक नियम काढला होता, बरं का. हरेल त्याने घरच्यांना घेऊन त्याच दिवशी गाव सोडावं! असला कसला नियम? पण राजाला बोलणार कोण?

मग प्रधान हरला. बायकापोरं घेऊन नदीपल्याड गेला. मग सेनापती हरला. मग राजाचा धाकटा भाऊ मल्हार हरला. जाताना म्हणाला, "दादा, एवढा एक डाव सोड की." राजा म्हणाला, "नियम म्हणजे नियम." मग एकेक करत सगळं गावच गेलं.

झाली सगळी घरं राजाची! पण एकाही चुलीतून धूर निघेना. कुत्रीसुद्धा माणसांमागे गेली. राजा स्वतःच भात रांधायचा, तो कच्चाच राहायचा. पानं दोन मांडायचा आणि एक तसंच उचलून ठेवायचा. उजव्या हाताने लाल खापरी, डाव्या हाताने काळी, असं एकटाच खेळायचा. जिंकला तरी "वा!" म्हणायला कुणी नाही. फार फार एकटं वाटायचं हो त्याला.

मग एके सकाळी दारात आली तानूबाई कुंभारीण. ती राहायची लांब भट्टीपाशी, म्हणून तिला खेळायला बोलवायचं राहूनच गेलं होतं. म्हणाली, "राजा, चिमूटभर मीठ दे रे. गावात कुणीच दिसत नाही."

राजाला इतका आनंद झाला! पण खोड कुठली जायला? म्हणाला, "आधी एक डाव. हरेल त्याने नदीपल्याड जायचं."

मग डाव रंगला. तानूबाईची एकच खापरी उरली, तीही तीन बाजूंनी कोंडलेली. राजाने लाल खापरी उचलली. तानूबाई म्हणाली, "मांड लवकर. मला मडकी बांधायचीत. उजेडी नदी ओलांडलेली बरी."

राजाचा हात वरच राहिला. "तू गेलीस, की मी बोलू कुणाशी?"

"ते मी काय सांगू बाबा? नियम तुझा."

राजाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने खापरी पटाबाहेर ठेवली. "मी नाही मांडत."

"मग हरलास की रे!"

"हरलो," राजा म्हणाला. "आता गाव मी सोडायचं."

मग फडक्यात मूठभर तांदूळ बांधून राजा नदीपल्याड गेला. तिथे झोपड्या होत्या, चुली पेटल्या होत्या. मल्हार जेवायला बसला होता. राजा कुडाबाहेरच थांबला. म्हणाला, "मी हरलोय रे. मला इथे राहू द्याल?"

मल्हारने हातातला घास खाली ठेवला. मग त्याने सरकून जागा केली. म्हणाला, "बस दादा. भात गरम आहे."

मग सगळे तिथेच सुखात राहिले, मागाहून मडकी घेऊन आलेली तानूबाईसुद्धा. चला, मिटा डोळे. दिवा मालवते मी.