नखाचा रंग

“मग दाह आहे कुठे, मॅडम? दाखवा ना.”

डॉ. शंतनू खानविलकरने सोनोग्राफीचा पडदा डॉ. अनसूया खरटमलांकडे वळवला. परीक्षेत पहिला आलेला शिष्य. बोलण्यातही त्याचा पहिला नंबर असायचाच.

बाई पडद्याकडे बघत नव्हत्या. त्या टेबलावर पडलेल्या मालनकडे बघत होत्या.

मालन सोलापुरात विड्या वळायची. घास घेतला की तिच्या जबड्याखाली टरारून फुगायचं, म्हणून तिने जेवणच सोडलं होतं. सासू म्हणायची, कामाच्या नावाने अंगावर काटा येतो, दुसरं काही नाही. आत्ताही ती दाराबाहेर बसली होती, रिपोर्ट चांगला निघण्याची वाट बघत. गरिबाघरच्या सुनेचं दुखणं खरं ठरायलाही मशीन लागतं.

शंतनूने मशीनचा प्रोब पुन्हा तिच्या जबड्याखाली रोवला. लाळेची ग्रंथी चपटी, शांत. दाह असता तर रक्ताचा ओघ वाढून पडद्यावर रंग उमटले असते. इथे ठिपकाही नाही.

“नॉर्मल लिहितो. नाटकं असतात ही.”

मालनने डोळे मिटून घेतले.

बाईंनी प्रोब घेतला नाही. प्रोब धरलेली शंतनूची मूठच धरली आणि अलगद वर उचलली. खाली जेलचा मोठा गोळा सोडला. आता प्रोब कातडीला जेमतेम टेकत होता.

“मालन, कैरीचं लोणचं आवडतं का गं?”

“आवडायचं की. आता नुसतं नाव काढलं तरी इथं ठणकतंय बघा.”

पडदा पेटला. फुगलेली ग्रंथी, तिच्यात तांबडे-निळे ओघ.

शंतनूने मशीनची बटणं तपासली. सगळी जिथल्या तिथे होती.

“मघाशी हे नव्हतं, मॅडम.”

बाईंनी त्याचा अंगठा धरला, नखावर आपलं बोट दाबलं. नख पांढरं पडलं. बोट काढलं... रक्त परतलं, नख पुन्हा गुलाबी झालं.

शंतनू नखाकडे बघत राहिला. मग मालनकडे. तिच्या जबड्याखाली प्रोबचा वळ उठला होता.

“चुकलं माझं, ताई,” तो पुटपुटला. आणि ताडकन उठला. “त्या सासूला आत बोलावतो. चांगली फैलावर घेतो.”

बाई जेल पुसत होत्या.

“बोलाव. पण हात असाच हलका ठेव.”