झुपकीचा पहिला घास

ऐका हं. कान इकडे, हात मांडीवर.

एक होती खार. इवलीशी. पण शेपटी? शेपटी तिच्याहून मोठी! म्हणून सगळे तिला म्हणायचे झुपकी.

झुपकी राहायची अंगणवाडीच्या कडुलिंबावर. अंगणवाडीत होत्या शेवंताताई. ताई रोज खिचडी करायच्या. खिचडी झाली की पहिला घास खिडकीत ठेवायच्या. तो झुपकीचा. मग मुलांची ताटं.

एके दिवशी झुपकी आली तुरुतुरु, तुरुतुरु. खिडकीत बघते तर काय? घासच नाही!

आत सगळी मुलं भुकेली. सगळ्यांत छोटी होती गोदी. तिचं पोट करतंय गुरगुर, गुरगुर. गोदी रडतेय, भ्यॅऽऽ!

"शेवंताताई, शेवंताताई, माझा घास कुठाय?"

"कुठला घास देऊ गं बाळे? डाळ आहे, तांदूळ आहेत, नळाला टिपूस नाही. धोंडूदादा पाणी सोडतील, तेव्हा खिचडी होईल."

झुपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. टाकीपाशी बसले होते धोंडूदादा. गावाला पाणी सोडायचं काम त्यांचं.

"धोंडूदादा, धोंडूदादा, पाणी सोडा!
पाणी येईना, खिचडी शिजेना.
खिचडी शिजेना, गोदी हसेना.
आणि माझ्या घासाचा पत्ताच लागेना!"

"सोडलं असतं गं," धोंडूदादा म्हणाले. "पण टाकी रिकामी. पंप बंद. हुसेनमामा वीज जोडतील, तेव्हा पंप चालेल."

झुपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. पारावर बसले होते हुसेनमामा. वायरमन. एका पायात बूट, दुसरा पाय उघडा.

"हुसेनमामा, हुसेनमामा, वीज जोडा!
वीज येईना, पाणी येईना.
पाणी येईना, खिचडी शिजेना.
खिचडी शिजेना, गोदी हसेना.
आणि माझ्या घासाचा पत्ताच लागेना!"

"आत्ता जोडतो बेटा," हुसेनमामा म्हणाले. "पण हा अंगठा बघ. ठेच लागली. बूट चढत नाही, आणि बुटाशिवाय मी खांबावर चढत नाही. सरोजबाई पट्टी बांधतील, तेव्हा बूट चढेल."

झुपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. दवाखान्यात होत्या सरोजबाई. नर्स. खांद्याला पिशवी, टेबलावर पट्टी. आणि हातांत? हातांत त्यांचं तान्हं बाळ. बाळ रडतंय, ट्यॅहँऽ, ट्यॅहँऽ!

"सरोजबाई, सरोजबाई, पट्टी बांधा!
पट्टी मिळेना, बूट चढेना.
बूट चढेना, वीज येईना.
वीज येईना, पाणी येईना.
पाणी येईना, खिचडी शिजेना.
खिचडी शिजेना, गोदी हसेना.
आणि माझ्या घासाचा पत्ताच लागेना!"

"बांधते की गं," सरोजबाई म्हणाल्या. "पण माझे दोन्ही हात अडकलेत. बाळ खाली ठेवलं की किंचाळतं. अंगणवाडीत पाळणा आहे. शेवंताताई बाळाला निजवतील, तेव्हा माझे हात सुटतील."

झुपकी निघाली. कुठे? आली तिथेच! तुरुतुरु, तुरुतुरु.

"शेवंताताई, शेवंताताई, बाळाला निजवा!
बाळ निजेना, हात सुटेना.
हात सुटेना, पट्टी मिळेना.
पट्टी मिळेना, बूट चढेना.
बूट चढेना, वीज येईना.
वीज येईना, पाणी येईना.
पाणी येईना, खिचडी शिजेना.
खिचडी शिजेना, गोदी हसेना.
आणि माझ्या घासाचा पत्ताच लागेना!"

"निजवते की," ताई म्हणाल्या. "पण ही गोदी बघ कशी रडतेय. इतक्या गोंगाटात बाळ निजेल का? गोदी हसू दे, मग आण."

"गोदी कशी हसेल?"

"खिचडी मिळाली की!"

अगं बाई! ही तर भिंगरी! गोल, गोल, गोल!

झुपकीला रडूच आलं. तिलाही भूक लागली होती ना! आणि कुणी वाईट होतं का? छे. सगळे चांगलेच होते. पण जो तो आपल्या जागी बसला होता. ताई अंगणवाडीत, दादा टाकीपाशी, मामा पारावर, बाई दवाखान्यात.

झुपकीनं डोळे पुसले. शेपटीनं. मग तिला एक खोडी सुचली. झुपकी खोडकर होतीच मुळी!

ती धावली दवाखान्यात. टेबलावर उडी, टुण्! पट्टीचं टोक तोंडात धरलं आणि पळाली. तुरुतुरु, तुरुतुरु. पट्टी सुटली. सर्रर्रर्र!

"अगं चोरटे! माझी पट्टी!" बाळाला घेऊन सरोजबाई मागे धावल्या.

झुपकी गेली पारावरून. सर्रर्रर्र!

"अगं, ती माझ्या अंगठ्याची पट्टी!" बूट हातात घेऊन हुसेनमामा मागे निघाले. लंगडी घालत, टप्, टप्, टप्.

झुपकी गेली टाकीजवळून. सर्रर्रर्र!

"अहो मामा, पडाल! माझा खांदा धरा!" म्हणत धोंडूदादाही मागे.

पुढे झुपकी, मागे सगळी वरात. पोचली कुठे? अंगणवाडीच्या अंगणात!

आणि झुपकी कशी दिसत होती? शेपटीला पट्टी, पोटाला पट्टी, मिशीलासुद्धा पट्टी! झुपकीचं झालं होतं गाठोडं.

गोदीनं पाहिलं. रडता रडता थांबली. आणि हसली, खुदुखुदु, खुदुखुदु!

गोदी हसली, गोंगाट थांबला. "आणा बाई, आणा बाळ इकडे," ताई म्हणाल्या. बाळ पाळण्यात. गोदीनं दोरी धरली. कुईं कुईं, कुईं कुईं.

बाळ निजलं, हात सुटले.

"मातीत लोळलेली पट्टी बांधू होय मी?" सरोजबाई म्हणाल्या. पिशवीतून त्यांनी नवी पट्टी काढली. अंगठा धुवायला त्यांच्या बाटलीतलं पाणी घेतलं.

पट्टी मिळाली, बूट चढला.
बूट चढला, मामा खांबावर चढले.
वीज आली, झग्ग!

धोंडूदादा पळाले पंपाकडे. पंप चालला, धडधड, धडधड. पाणी आलं, खळखळ, खळखळ. पातेलं चढलं. खिचडी शिजली, रटरट, रटरट. काय तो वास!

"अहो, आपण सगळे इतके जवळ," ताई म्हणाल्या, "आणि कुणी कुणाला हाकसुद्धा मारली नाही!"

"आता अडलं की सरळ या अंगणात यायचं," हुसेनमामा म्हणाले. "झुपकीनं आपल्याला पळवायची वाट बघायची नाही!"

सगळे हसले. ताटं मांडली. ताईंनी भराभरा वाढलं. गोदीला वाढलं, मुलांना वाढलं, मामांना, दादांना, बाईंना वाढलं.

आणि खिडकी? खिडकी रिकामी. घाईघाईत ताई विसरल्याच!

झुपकी खिडकीबाहेर बसली होती. शेपटी खाली.

गोदीनं घास उचलला. गरम गरम, तूप घातलेला. पोट करतंय गुरगुर, गुरगुर. घास तोंडापाशी आला. आणि गोदी थांबली. खिडकीकडे बघितलं.

गोदी उठली. इवल्या पावलांनी खिडकीपाशी गेली. टाचा उंच केल्या, हात उंच केला, आणि घास खिडकीत ठेवला.

"आधी झुपकीचा," गोदी म्हणाली.

ताईंनी तिला उचललं आणि तिचा गालगुच्चा घेतला. मग गोदी जेवली. मटामटा, मटामटा.

आणि झुपकी? तिनं घास धरला दोन्ही हातांत. कुरुकुरु, कुरुकुरु खाल्ला. पोट झालं टम्म!

झुपकीचं पोट भरलं, आता गोष्टीचंही भरलं.