किल्ली फिरेना

"पण बुवा, किल्ली तीच, गाडी तीच. मग परवा फिरत होती, ती आज का फिरत नाही?"

हेरंब गाडीच्या दारातून डोकं बाहेर काढून विचारत होता. सखाबुवा मठाच्या पायरीवर बसून पावटे सोलत होते.

"मला कशाला विचारतोस," बुवा म्हणाले. "तिला विचार."

आमचं घर मठाला लागूनच. मधे कुंपण आहे, पण ते नावाचं. मी कुरडया वाळत घालत होते, पण लक्ष सगळं तिकडे.

कारणही तसंच होतं. सकाळीच फाट्यावरच्या टपरीवरून फोन आला होता. हेरंबचे वडील एसटीने येऊन उतरलेत. टेकडीचा चढ त्यांना चढवत नाही. कुणी न्यायला आलं तर येतील, नाहीतर परतीच्या गाडीने निघून जातील.

पॉलिटेक्निक अर्धवट टाकून हेरंब मठात आला, त्या दिवसापासून वडील त्याच्याशी एक शब्द बोललेले नाहीत. एवढं सगळ्यांना माहीत आहे. बाकीचं मी विचारून घेतलं.

म्हटलं, आमच्या ह्यांची मोटरसायकल ने. तो नको म्हणाला. मिस्त्रीला बोलावू? तेही नको. म्हणाला, गाडी मीच दुरुस्त करणार आणि तात्यांना तिच्यातूनच वर आणणार.

गाडी मठाची, जुनी. उतारावर घसरू नये म्हणून पुढचं चाक वळवून दगडाला टेकवून ठेवतात. किल्ली काढली की स्टिअरिंग आपोआप कुलूप होतं. आता ते कुलूपच सुटेना. हेरंबने किल्लीच्या भोकात तेल सोडलं, किल्ली खडबडीत कागदावर घासली, स्टिअरिंगखालचं झाकण उघडून वायरी मोकळ्या केल्या, परत जोडल्या. मग डाव्या हाताने स्टिअरिंग जिवाच्या आकांताने ओढून धरलं आणि उजव्या हाताने किल्ली पिळायला लागला. मानेच्या शिरा फुगल्या.

"बुवा, हिला काय हवंय तरी काय?"

बुवांनी पावट्यांची सुपली बाजूला ठेवली. आत गेले. बशीत चहाचा कप घेऊन आले आणि गाडीच्या पलीकडच्या खिडकीतून आत हात घालून त्याच्या डाव्या हाताशी धरून उभे राहिले.

"चहा घे."

"नंतर, बुवा."

"गार होतो..."

गुरूने धरलेला चहा. नको कसा म्हणणार? हेरंबने स्टिअरिंग सोडलं आणि बशी धरली.

खट्ट.

किल्ली फिरली. स्टिअरिंग सैल झालं. पुढे लाल दिवा मिणमिणला.

बुवांना हे ठाऊक होतं, की खरंच चहाच द्यायचा होता... मला नाही सांगता येत. तोंडावरून तर चहाच वाटत होता.

हेरंब मात्र बदलला. कप खाली ठेवून त्याने हात जोडले. डोळे भरले होते त्याचे.

"कळलं, बुवा. मीच ओढत होतो, म्हणून ते अडकून बसलं होतं. सोडायचं. सगळं सोडायचं."

बुवांनी कपबशी उचलून घेतली.

हेरंबने किल्ली पुढे फिरवली. टक. पुन्हा फिरवली. टक. इंजिन काही उचलेना. वायरींच्या खटाटोपात बॅटरी उतरली असणार.

तो हात मांडीवर ठेवून डोळे मिटून बसला.

खालच्या वळणावर एसटीचा हॉर्न वाजला. परतीची गाडी फाट्याकडे निघाली होती.

"काय करतोयस?" बुवांनी विचारलं.

"सोडलंय, बुवा."

"बरं... मग आता उतर आणि ढकल."

हेरंब गोंधळून त्यांच्याकडे बघत राहिला. मीही. आत्ताच तर सोडायचं होतं.

बुवा धोतर सावरून स्टिअरिंगवर बसले. मी कुरडयांचे हात पदराला पुसले, चाकापुढचा दगड बाजूला केला आणि हेरंबच्या शेजारी जाऊन उभी राहिले. दोघांनी जोर लावला. गाडी उताराला लागली, गचका बसला, धूर निघाला आणि इंजिन धडधडायला लागलं.

हेरंब हसला. पळत जाऊन त्याने दाराला हात घातला.

"सरका बुवा, मी चालवतो."

"थांबलो तर बंद पडेल," म्हणत बुवांनी गाडी फाटकाबाहेर काढली.

"अहो बुवा, पण वडील माझे आहेत!"

बुवांनी खिडकीतून मान बाहेर काढली.

"म्हणून तर... तू पळत ये."